पांढऱ्या पेशींची पकड

बोटांत कांटा मोडला, कीं दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, ठणकते, आणि कधीं कधीं तेथें पू धरतो. हा पू म्हणजे बहुतांशीं जंतूंशीं झुंजून मेलेल्या पांढऱ्या रक्तपेशींचा ढीग होय. या पेशी नेमक्या त्याच जागीं कशा पोंचतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रासायनिक द्रव्यांच्या द्वारां त्यांना बोलावणें जातें, हें खरें. परंतु श्रोतेहो, नुसत्या बोलावण्यानें काम भागत नाहीं. वाहत्या रक्तांत असतां एका ठिकाणीं थांबावयाचें कसें, ही खरी अडचण. १८६७ सालीं युलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या आंतड्याच्या पातळ पडद्यांत हा प्रकार सूक्ष्मदर्शकांतून पाहिला. पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटत आणि भिंतींतून पार होऊन बाहेर पडत.

सुजलेल्या जागेजवळ रक्तवाहिनीच्या अस्तरावर ‘सिलेक्टिन’ नांवाचीं प्रथिनें प्रकट होतात. पेशी एकाला धरते, सोडते, पुढच्याला धरते, आणि अशी गडगडत गडगडत मंदावते. नवल पुढेंच आहे. ओढ वाढली म्हणजे पकड लौकर सुटावी, असें आपणांस वाटतें. परंतु सरफांस जसा ओढल्यानें आवळतो, तशी ही पकड एका मर्यादेपर्यंत ओढीबरोबर अधिक टिकते. २००३ सालीं प्रयोगांनीं हें दाखवून दिलें. प्रवाह फारच मंद झाला, तर उलट पेशी निसटूं लागतात! जो प्रवाह त्यांना वाहून नेऊं पाहतो, तोच त्यांना थांबण्यास मदत करतो.

यानंतर ‘इंटेग्रिन’ नांवाचीं दुसरीं प्रथिनें पकड पक्की करतात आणि पेशी भिंतींतून आंत शिरते. कांहीं थोडीं मुलें या इंटेग्रिनांतील एका घटकाच्या दोषासह जन्मास येतात. त्यांची नाळ वेळेवर गळत नाहीं, जखमा भरत नाहींत, आणि जंतु माजले तरी पू म्हणून दिसत नाहीं. रक्त तपासावें, तर पांढऱ्या पेशी नेहमींपेक्षां पुष्कळच अधिक! सैन्य भरपूर, पण नदींतून कांठावर येतां येत नाहीं. दोष तीव्र असल्यास आणि अस्थिमज्जेचें रोपण न झाल्यास यांतील बहुतेक मुलें बालपणींच दगावतात.

रोगाशीं लढणारी पेशी केवळ रासायनिक खुणा ओळखते असें नव्हे. तिला ओढ आणि दाब हींही कळावीं लागतात. शरीराचें रक्षण जितकें रसायनाचें, तितकेंच तें बळाचेंही काम आहे.