सादिकैन: निवडुंगातून उगवलेली अक्षरे

पाकिस्तानी चित्रकार सादिकैन (१९३०–१९८७) यांच्याविषयी एक समज चांगलाच रुजला आहे. तरुणपणी बंडखोर असलेला हा चित्रकार उतारवयात जनरल झियांच्या लष्करी राजवटीला रुचेल अशा धार्मिक सुलेखनाकडे वळला, असे म्हटले जाते. चित्रांचा काळ ताडून पाहिला की हा समज टिकत नाही. कुराणातील ‘सूरह रहमान’ची सुलेखने त्यांनी १९६९च्या सुमारास हाती घेतली, झिया सत्तेवर आले ते १९७७मध्ये. शिवाय सादिकैन यांचा जन्म अमरोह्याच्या सुलेखनकार घराण्यातला. अक्षर त्यांच्या हातात वारशानेच आलेले होते.

माझ्या मते खरा धागा रेषेचा आहे, आणि तो गडानीपासून सुरू होतो. कराचीजवळच्या या ओसाड किनाऱ्यावर १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खडकाळ, खाऱ्या जमिनीत ताठ उभे राहिलेले निवडुंग पाहिले. पुढे त्यांच्या माणसांची शरीरेच तशी झाली: काटेरी, उभी, सांध्यांशी कोन घेणारी. मंगला धरणाच्या वीजगृहातले १९६७चे प्रचंड भित्तिचित्र श्रमाची गाथा सांगते. तिथे दगड फोडणाऱ्या, यंत्रे चालवणाऱ्या कामगारांची बोटे आणि हत्यारे एकाच काटेरी वळणाची आहेत. आता त्यांच्या सुलेखनातले अलिफ किंवा लाम हे अक्षर बघा. तोच ताठ देठ, टोकाला तसाच धारदार. पॅरिसच्या बिएनालेत १९६१मध्ये गौरवला गेलेला चित्रकार आणि कुराणातल्या आयती रेखणारा हा कातिब (सुलेखनकार) एकाच हाताने काम करतो आहे.

यावर कुणी म्हणेल, झियांच्या काळात सुलेखनाला राजाश्रय होता आणि त्याचा लाभ सादिकैन यांना मिळालाच. मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या वर्षांतली बरीच सुलेखने घाईची, स्वतःचीच पुनरावृत्ती करणारी आहेत, हेही मान्य करायला हवे. पण राजाश्रयासाठी वाकणारा चित्रकार मानवाकृती सोडून देतो. सादिकैन यांनी ती सोडली नाही. १९७६मध्ये लाहोरच्या प्रदर्शनातील मानवाकृतींवरून धार्मिक गटांनी गदारोळ केला, तरीही नाही. भारतभेटीत १९८१-८२मध्ये त्यांनी अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांत भित्तिचित्रे रंगवली. कराचीच्या फ्रिअर हॉलचे छत रंगवण्याचे काम त्यांनी अखेरच्या काळात हाती घेतले होते. पृथ्वी आणि आकाश हा त्याचा विषय. १९८७मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरेच राहिले.