परसातील देशी गवते

परसबाग म्हटली की फुलझाडे व भाजीपाला एवढेच आपल्या मनात येते. गवत दिसले की ते उपटावयाचे, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः आपल्या माळांवरील कित्येक गवते शोभेस मुळीच उणी नाहीत. ती थोडक्या पाण्यावर वाढतात, माती धरून ठेवतात आणि विद्यार्थ्यांस शिकण्याजोगे पुष्कळ देतात. शिक्षकबंधुभगिनींनी आपल्या परसात अथवा शाळेच्या आवारात त्यांचा एक लहानसा वाफा अवश्य करावा.

वाळ्याची मुळे सरळ खाली, दोन ते तीन मीटरपर्यंतही जातात. म्हणून पावसाचे पाणी अंगणातील माती वाहून नेते तेथे, उताराला आडवी अशी वाळ्याची ओळ लावावी. मारवेल गवतास जांभळट तुरे येतात व त्याचा चाराही उत्तम होतो. कुसळीचा ताटवा सुगीच्या सुमारास तांबूस दिसतो. मात्र तिची कुसळे कपड्यांत शिरतात व जनावरांच्या तोंडास इजा करतात, सबब ती वाटेपासून दूर लावावी.

पावसाळ्याच्या आरंभी जमीन चांगली भिजल्यावर जुन्या गवताचे ठोंब फोडून लावावेत. प्रत्येक ठोंबास दोन-तीन फुटवे व थोडी मुळे असावीत. पाती वीतभर ठेवून छाटावीत. वाळा वीतभर अंतरावर व मारवेल हातभर अंतरावर लावावे. खत बेताचेच द्यावे, अन्यथा गवत लोळते. पहिल्या वर्षी तण काढावे. पुढे दरवर्षी, बी पडून गेल्यावर व नवा पाऊस येण्यापूर्वी, चार बोटे बुडखा ठेवून गवत कापावे. पेटवू मात्र नये.

आता पाठाविषयी. कुसळीचे पिकलेले, वाळलेले बी पाण्याने ओले करावे. त्याच्या लांब केसाचा पीळ हळूहळू उलगडतो व वाळल्यावर पुन्हा बसतो. याच फिरण्याने बियाचे टोकदार तोंड मातीत शिरते. ज्वारी, भात, गहू व ऊस हीही गवताच्याच कुळातील, हे कांड्यांची पेरे व पानांच्या समांतर शिरा दाखवून पटवावे. उलट गाजरगवत हे नावानेच गवत. मूळचे अमेरिका खंडातील हे झुडूप सूर्यफुलाच्या कुळातील असून १९५६ साली पुण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे ते देशभर पसरले.

माळ दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि गवतांची नावेही विस्मरणात जात आहेत. गावातील वृद्ध गुराख्यास वाफ्याजवळ बोलवावे, त्याने सांगितलेली नावे मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या गवताची एक वाळलेली काडी चिकटवावी. असा संग्रह कोणत्याही शाळेस अल्प श्रमात करता येईल.