स्प्लेंडर देऊन जुनी बुलेट, करिझ्मा घेताय? घेतलेल्या गाडीइतकंच दिलेल्या गाडीकडेही बघा

धाराशिव : सोयाबीनची पट्टी हातात पडली किंवा उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की गावागावात गाडी बदलण्याचा विषय निघतो. नव्या बुलेटला दोन लाखांच्या पुढं जावं लागतं. म्हणून मग सोलापूर, बार्शी, लातूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे पावलं वळतात. घरची १०० सीसीची गाडी द्यायची, वर थोडे पैसे टाकायचे आणि जुनी बुलेट, करिझ्मा, पल्सर २२० नाहीतर आरएक्स १०० घेऊन यायची, असा हा व्यवहार.

या व्यवहारात गाड्या दोन असतात, एक घेतलेली आणि एक दिलेली. घेतलेली सगळे दहा वेळा बघतात. दिलेलीचं पुढं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरा फटका बऱ्याचदा तिथूनच बसतो. म्हणून दोन्हींचं नीट समजून घेऊ.

कोणती गाडी कशी?

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात निघाली. इंजिन ९८ सीसीचं, म्हणजे स्प्लेंडरएवढंच. पण ती टू-स्ट्रोक असल्यामुळे ताकद सुमारे ११ हॉर्सपॉवर, स्प्लेंडरची ८ च्या आसपास. आज तिची किंमत हौसेवर ठरते. त्यामुळे चेसिस एका गाडीचं आणि इंजिन दुसरीचं, असे जोडकामही बाजारात येतात. राजदूत ३५० आणि येझदीचंही तसंच. गाडी सापडेल, पण अस्सल पार्ट शोधत फिरावं लागेल.

करिझ्मा २००३ साली आली, २२३ सीसीची. पल्सर २२० आली २००७ साली. या पळणाऱ्या गाड्या. हायवेला झकास, पण हँडल खाली आणि सीट वर. दुधाचे कॅन, खताची गोणी, मागं साडी नेसलेली बाई, हे या गाड्यांचं काम नाही.

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटची एक गोष्ट आधीच माहीत पाहिजे. तिचा गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात असतो. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. स्प्लेंडरवर दहा वर्षं बसलेला माणूस समोर अचानक म्हैस आली की उजवा पाय दाबतो. पण तिथं ब्रेक नसतो, गिअर असतो. अशी गाडी घेतली तर पहिले पंधरा दिवस शेतरस्त्यावरच चालवावी. २००९ पासून आलेल्या क्लासिक ३५० ला गिअर डाव्या पायात आहे.

वजनाचाही विचार करा. स्प्लेंडर ११० किलोच्या आसपास, तर क्लासिक ३५० सुमारे १९० किलोची. तुळजापूरचा घाट उतरताना हा फरक कळतो. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचा झाला तो एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना तो नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होऊन गाडी घसरते. लायसन्स मात्र वेगळं लागत नाही, गिअरच्या दुचाकीचं असेल ते चालतं.

खर्चाचा साधा हिशेब

रोज ३० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालली तर ९,००० किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीला वर्षाला १५,७५० रुपयांचं पेट्रोल लागेल. लिटरला ३० देणाऱ्या जुन्या बुलेटला ३१,५०० रुपयांचं. म्हणजे नुसत्या पेट्रोलचा वर्षाला १५,७५० रुपये जादा खर्च.

विमाही वाढतो. जून २०२२ पासूनच्या दरानं थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा मूळ हप्ता ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आहे, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये. बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं, म्हणून ती मधल्या गटात बसते.

भाव करताना आणखी एक मुद्दा हातात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव जुन्याच हिशेबानं का द्यायचा?

गाडी बघताना

- जाण्याआधी फोन करून सांगा, "गाडी चालू करून ठेवू नका." गेल्यावर इंजिनला हात लावून बघा, ते थंडच असलं पाहिजे. गाडी कशी आहे, हे थंड इंजिन चालू करतानाच कळतं.
- फोर-स्ट्रोक गाडीनं निळा धूर टाकला तर ती ऑइल जाळते आहे. इंजिनचं काम निघणार, हे धरून भाव करा. टू-स्ट्रोकला थोडा धूर येतोच.
- गाडी मेन स्टँडवर लावा, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेलेला आहे.
- पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइल आहे का, बोटानं पुसून बघा.
- मागून बसून एका डोळ्यानं दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. नसतील तर गाडी कुठंतरी ठोकलेली आहे.
- टायरवर चार आकडी नंबर असतो. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.
- पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबरी वायसर तपासा, गरज पडली तर बदलून घ्या.
- फटाके फोडणारा सायलेन्सर असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. नाहीतर पहिल्याच नाक्यावर पावती फाटेल.

ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याची दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी ती वाया जात नाही.

कागद बघताना

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर-न्-अक्षर जुळवा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर व्यवहार तिथंच सोडून द्या. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून विमा आणि नोंदणीची मुदत बघा. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवायला कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ लागतो. ई-चलान किती बाकी आहे, तेही बघा.

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा. दुचाकीला ती ४५० रुपये अधिक जीएसटी अशा दरात मिळते.

उमरगा, लोहारा, तुळजापूर भागात बिदर, कलबुर्गीकडच्या केए ३८, केए ३२ पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे नमुना २८ आणायचा, महाराष्ट्राचा कर भरायचा, मग एमएच २५ नंबर घ्यायचा. हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी संपते.

जुनी बुलेट बऱ्याचदा वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. अशा वेळी आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर झाली पाहिजे. त्यानंतरच तुमच्या नावावर होईल. "नंतर करून देतो" यावर पैसे देऊ नका.

दिलेल्या गाडीचं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी स्प्लेंडर डीलरला दिली, कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या केल्या, बाँडवर लिहून घेतलं, की अनेकांना वाटतं आपण मोकळे झालो. तसं नसतं. बाँड म्हणजे तुमच्या दोघांतला लेखी पुरावा. आरटीओच्या नोंदीत नाव बदलत नाही, तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच.

सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात मालकानं गाडी विकली होती. पुढं ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांत फिरली, पण नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं. अपघातात जीव गेला. भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावरच येते, असं न्यायालयानं सांगितलं. गाडी कधीच विकली होती, हा बचाव चालला नाही.

म्हणजे तुमची स्प्लेंडर उद्या कुणीतरी विना-विमा चालवली आणि कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या दारात येईल. भरपाईची रक्कम लाखांत असते. त्यापुढं गाडीचे आलेले वीस-पंचवीस हजार काहीच नाहीत.

म्हणून गाडी देताना एवढं कराच :

१. नमुना २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही नको.

२. घेणाऱ्याचं आधार, फोटो, मोबाईल नंबर आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती जवळ ठेवा.

३. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते आपणच परिवहनच्या वेबसाइटवर किंवा धाराशिवच्या आरटीओ कार्यालयात करून घ्या.

४. डीलरला सांगा, "नाव बदलेपर्यंत दोन-चार हजार तुमच्याकडून अडवून ठेवतो." खरा व्यवहार करणारा याला नाही म्हणत नाही.

५. महिन्याभरानं एमपरिवहनवर जुना नंबर टाकून बघा. मालकाच्या नावाची अक्षरं बदललेली दिसली, की तुम्ही मोकळे.

घेतलेल्या गाडीचा विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळायचं असेल तर पॉलिसीवर तुमचंच नाव लागतं.

बुलेटच्या धडधडीची हौस कुणाला नसते? करावी, जरूर करावी. फक्त दारात नवी-जुनी गाडी उभी राहिली आणि तिला हार घातला, की त्याच दिवशी मोबाईल उघडून दिलेल्या गाडीचा नंबरही एकदा तपासा.