फांदी कोठे कापावी?



पावसाळ्यापूर्वी घरावर झुकलेली आंब्याची फांदी आपण कोयत्याने तोडतो, जखमेवर डांबर फासतो आणि निश्चिंत होतो. काही वर्षांनी तेथेच ढोली पडते व एखाद्या वादळात झाड मोडते. दोष बहुधा झाडाचा नसतो, कापण्याचा असतो.

अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून आतली कूज तपासली. त्यांनी १९७७ साली मांडले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडे दिसते, तेथे ही भिंत चांगली उभी राहते. खोडालगत सपाट कापल्यास ते कडेच जाते. लांब खुंट ठेवल्यास तो कुजतो. म्हणून कड्याच्या लगेच बाहेर कापावे. डांबराने कूज थांबत नाही.

जड फांदीला करवतीने तीन काप द्यावेत. पहिला, खोडापासून हातभर दूर, खालून अर्धवट. दुसरा, त्याच्या किंचित पुढे, वरून. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. तिसरा, उरलेला खुंट कड्याबाहेर.

शिकलेला वृक्षतज्ज्ञ आधी मुळे, बुंधा व ढोली पाहतो, दोर बांधून चढतो, मोठी फांदी दोरानेच खाली उतरवतो आणि शेंडा सरसकट छाटत नाही. उंचावरचे काम अशा माणसाकडेच द्यावे. विजेच्या तारेजवळची फांदी तर आपण मुळीच कापू नये. आधी वीज खात्यास कळवावे.