सव्वाचार वर्षांची सत्ता

गोव्याला 1963 पासून आजवर पाच कॅथलिक मुख्यमंत्री मिळाले: चर्चिल आलेमाव, लुईस प्रोत बार्बोझ, विल्फ्रेड डिसोझा, लुईझिन फालेरो आणि फ्रान्सिस सार्दिन. पाचही जण मार्च 1990 ते ऑक्टोबर 2000 या एकाच कालखंडातले. त्याआधी या समाजाचा एकही मुख्यमंत्री झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. सगळ्यांचे तुटक कार्यकाळ जोडले तर बेरीज जेमतेम सव्वाचार वर्षे होते. विधानसभेची एक मुदतही त्यात भरत नाही.

मुक्तीनंतरच्या राजकारणात कॅथलिकांची जागा ठरलेली होती. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) 16 आणि जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सला 12 जागा मिळाल्या. सिक्वेरा विरोधी बाकांवर बसले आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात त्यांनी संघप्रदेशाची बाजू जिंकली. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते, संघप्रदेशाचे दोन पाने. दोन पानांना 34,021 मते जास्त पडली. कॅथलिक मतदाराने एकदिलाने मत दिले आणि ते जिथे दिले तिथेच राहिले, अशी गोष्ट सांगायची झाली तर आजही 1967 पर्यंत मागे जावे लागते.

त्यापुढच्या वीस वर्षांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मगोचे सरकार गेले, 1980 मध्ये काँग्रेसचे प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री म्हणून आले आणि टिकले. खळबळ माजली ती भाषेवरून. 1986-87 च्या कोकणी आंदोलनात सासष्टी तालुका रस्त्यावर उतरला, काहींचे बळी गेले. फेब्रुवारी 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय वापर चालू राहिला. ज्यांच्या प्रार्थना, तियात्र आणि वर्तमानपत्रे रोमी लिपीत होती, त्यांच्या लिपीला मात्र कायद्यात जागा मिळाली नाही. लढले कोण आणि पावले कोणाला, हा प्रश्न तेव्हापासून गावोगावच्या इगर्जीबाहेर (चर्चबाहेर) विचारला जातो.

नोव्हेंबर 1989 च्या निवडणुकीत 40 पैकी काँग्रेसचे 20, मगोचे 18 आणि दोन अपक्ष निवडून आले. मार्च 1990 मध्ये सभापती बार्बोझ यांच्यासह सात जण काँग्रेसमधून फुटले. पक्षांतरबंदी कायद्यात तेव्हा एक तृतीयांश फुटीला मुभा होती आणि विसांतले सात त्या हिशेबात बसत होते. फुटिरांनी हात धरला तो मगोचा. ज्या पक्षाच्या विलीनीकरणाविरुद्ध त्यांच्या वाडवडिलांनी दोन पानांवर शिक्का मारला होता, तोच हा पक्ष. भाषा आंदोलनातून पुढे आलेले आलेमाव 27 मार्चला पहिले कॅथलिक मुख्यमंत्री झाले आणि अठरा दिवसांनी खुर्ची बार्बोझ यांच्याकडे गेली. डिसेंबरात बार्बोझ अपात्र ठरले आणि राष्ट्रपती राजवट आली.

त्या आठ-नऊ महिन्यांतला एक निर्णय मात्र सरकारपेक्षा जास्त टिकला. शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमाला बांधले. चर्चच्या शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी धरली, तीही देवनागरीत. घरात रोमी वाचणाऱ्या पालकांची मुले शाळेत देवनागरी गिरवू लागली. इंग्रजी शाळांना अनुदान देण्याचा निर्णय व्हायला 2011 उजाडले. ‘आपला माणूस’ सत्तेवर असताना आपल्या शाळेचे काय झाले, याचे हे उदाहरण आहे. ‘आपला माणूस’ म्हणून मते मागणारे त्याची आठवण काढत नाहीत.

दशकाचा उरलेला भाग खुर्च्यांच्या खेळात गेला. काँग्रेसचे रवी नाईक यांच्यानंतर 1993 मध्ये शल्यविशारद डिसोझा मुख्यमंत्री झाले. एप्रिल 1994 मध्ये राज्यपालांनी त्यांना बडतर्फ करून नाईक यांना शपथ दिली. सहा दिवसांत डिसोझा परत आले, आणि राज्यपालांनाच पद सोडावे लागले. डिसेंबरात पुन्हा राणे. जुलै 1998 मध्ये डिसोझा यांनी काँग्रेस फोडून राणे यांना पाडले आणि मगो व भाजपच्या पाठिंब्यावर सरकार केले. ते चार महिने चालले. मग फालेरो, राष्ट्रपती राजवट, जून 1999 च्या निवडणुकीनंतर परत फालेरो. नोव्हेंबरात सार्दिन यांनी त्यांना पाडले, तेही भाजपच्याच बळावर. ऑक्टोबर 2000 मध्ये भाजपने सार्दिन यांना बाजूला सारून मनोहर पर्रीकर यांना बसवले. 1994 मध्ये चार जागा मिळालेला पक्ष सहा वर्षांत मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचला. त्याच्यासाठी सचिवालयाचे दार आतून उघडले ते दोन कॅथलिक मुख्यमंत्र्यांनी. कॅथलिक समाजात भाजपविषयी जी तक्रार चालते, तिच्यात हा तपशील सहसा गाळलेला असतो.

2003 च्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायद्यातली एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद झाली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उघडी राहिली. मतदारांनी आपल्या परीने हिशेब चुकवले. 2012 मध्ये आलेमाव घराण्यातले चौघे उभे होते, चौघेही पडले. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यांत आठ कॅथलिक होते. 2022 मध्ये त्या दहांतले तिघेच निवडून आले.

त्या निवडणुकीपूर्वी, 22 जानेवारी 2022 रोजी, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या फुलांच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. फुलांचा खुरीस म्हणजे येणारे-जाणारे क्षणभर थांबून मेणबत्ती लावतात ती जागा. आजारपणातला नवस तिथे बोलतात, परीक्षेचा बोलतात. पक्षनिष्ठेचा नवस तिथे बोलला जावा, यातच काय ते आले. 14 सप्टेंबर 2022 रोजी अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले, त्यांतले चार कॅथलिक. देवाने संमती दिली, असे माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितले. 

चर्चची सामाजिक न्याय व शांती परिषद निवडणुकीआधी मतदारांसाठी निवेदन काढते: धर्मांध शक्तींना दूर ठेवा, भ्रष्टांना नाकारा. ते देवळांच्या आवारात आणि इगर्जींच्या सूचनाफलकांपाशी सारख्याच चवीने चर्चिले जाते. निवडून आल्यावर आमदाराने काय करावे, याबाबत त्याच ठामपणे बोलणारे पत्रक मिस्सानंतर ऐकू येत नाही. पक्ष बदललेला आमदार फेस्ताला पहिल्या बाकावर असतो.

त्या आठांपैकी एक, नुवे मतदारसंघातून काँग्रेसच्या चिन्हावर जिंकलेले आलेक्स सिक्वेरा नोव्हेंबर 2023 मध्ये भाजप सरकारात मंत्री झाले. मे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत नुवेने मोठी आघाडी दिली ती काँग्रेसला. दक्षिण गोव्यात कॅप्टन विरियातो फर्नांडिस 13,535 मतांनी जिंकले. आठ आमदारांच्या अपात्रतेचा अर्ज सभापतींनी त्याच वर्षी नोव्हेंबरात फेटाळला.