शेतीतलं ज्ञान: सरळ वाट की गुंतलेलं जाळं?

शेतीसुधारणा म्हटली की नवं वाण, नवं औषध, नवं ॲप अशी सुटी सुटी नावं पुढे येतात. शेतकरी, कृषी सेवा केंद्र, संशोधक, प्रयोगशाळा आणि निर्यातदार यांच्यात काय देवाणघेवाण होते आणि ती कुठे तुटते, हे पाहिलं की काही पक्के समज डळमळतात.

गैरसमज: नवं ज्ञान विद्यापीठात तयार होतं आणि तिथून शेतात उतरतं.

वस्तुस्थिती: चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी जपून त्यांनी ‘एचएमटी’ वाण उभं केलं आणि ते हातोहात विदर्भभर पसरलं. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केलं. श्रेयासाठी मात्र दादाजींना झगडावं लागलं. शेतातून वर जाणाऱ्या ज्ञानाची नोंद ठेवणारी वाटच तेव्हा नव्हती; शेतकऱ्यांच्या वाणांना हक्क देणारा कायदा २००१ मध्ये आला.

गैरसमज: शेतकऱ्याला सल्ला मिळतो तो मुख्यतः सरकारी यंत्रणेकडून.

वस्तुस्थिती: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००३ च्या पाहणीत १६.७ टक्के शेतकरी कुटुंबांनी प्रगतिशील शेतकऱ्यांकडून, तर १३.१ टक्के कुटुंबांनी खतं-बियाणं विकणाऱ्यांकडून माहिती घेतली होती. सरकारी विस्तार कर्मचारी बरेच मागे होते. औषध विकणाराच सल्लागार असेल, तर त्याचं शिक्षण हा शेतीचाच प्रश्न ठरतो. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये अशा विक्रेत्यांसाठी पदविका अभ्यासक्रम सुरू केला, तो यासाठीच.

गैरसमज: बागायतदाराने तंत्र नीट पाळलं की काम झालं.

वस्तुस्थिती: २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. फळांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतलं ‘सीसीसी’, मर्यादेपेक्षा जास्त आढळलं होतं. शेंडावाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षं वापरात होतं.

बागेत नेहमीचंच काम झालं होतं. निर्यातीपूर्वी प्रयोगशाळा ठरलेल्या यादीप्रमाणे उर्वरित अंश तपासत होत्या, पण त्या यादीत सीसीसी नव्हतं. युरोपच्या मर्यादेची बातमी फवारणाऱ्यापर्यंत वेळेत पोचली नाही आणि तोटा त्याच्याच माथी आला. त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आलं आणि खरड छाटणीनंतर काय फवारायचं, हे ठरवताना युरोपची मर्यादाही पाहावी लागू लागली.