पांडा : नांव एक, कुळें दोन

काळ्या-पांढऱ्या, गुबगुबीत पांडाचें चित्र ज्यानें पाहिलें नाहीं असा विद्यार्थी विरळाच. परंतु 'पांडा' हें नांव मुळांत या प्राण्याचें नव्हे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तें नांव प्रथम मिळालें हिमालयांतील एका लहानशा तांबड्या प्राण्यास. या दोघांत साम्य कोणतें व भेद कोणता, हें आम्हीं येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

तांबडा पांडा मांजराहून थोडा मोठा असून त्याचें वजन सुमारें ३ ते ६ किलो भरतें. अंगावर तांबूस दाट केस, पोट व पाय काळे, आणि लांब झुबकेदार शेपटीवर वलयें, असें त्याचें रूप आहे. थोरला पांडा अंगानें धिप्पाड. त्याचें वजन १०० किलोंच्याही वर जातें, शेपूट मात्र आंखूड. तो केवळ चीन देशांतील डोंगराळ अरण्यांत आढळतो. तांबडा नेपाळापासून चीनपर्यंत पसरलेला असून आपल्या देशांत सिक्कीम, दार्जिलिंगचा डोंगराळ प्रदेश व अरुणाचल प्रदेश येथें राहतो.

तांबड्या पांडाचें शास्त्रीय वर्णन फ्रेडरिक क्युव्हिए यांनीं सन १८२५ मध्यें प्रसिद्ध केलें. थोरला पांडा पाश्चात्त्य विद्वानांस कळला तो सन १८६९ मध्यें, आणि तोही एका मिशनरीमुळें. फादर आर्मां दाविद हे फ्रेंच धर्मगुरु चीनमध्यें सेवा करीत असतां सृष्टिनिरीक्षणही मोठ्या आस्थेनें करीत. त्यांनीं या प्राण्यास अस्वलांत गणिलें. परंतु पुढल्याच वर्षीं पॅरिस येथील मिल्न-एडवर्ड्स यांनीं हाडें व दांत तपासून तो तांबड्या पांडाचा आप्त असावा, असें मत दिलें. हा वाद शंभराहून अधिक वर्षें चालला. अखेर सन १९८५ मध्यें आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवरून थोरला पांडा अस्वलाच्याच कुळांतला, हें दाखविण्यांत आलें. तांबड्याचें कूळ निराळें असून त्यांत आज तो एकटाच उरला आहे. पाणमांजर व रॅकून हे त्याचे दूरचे सोयरे होत.

मग दोघांत साम्य कां? दोघांचीही गणना मांसाहारी प्राण्यांच्या गणांत होते; तथापि दोघेही मुख्यत्वें बांबूवर जगतात. आंतडें मांसाहाऱ्याचें, म्हणून बांबू नीट पचत नाहीं. त्यामुळें थोरल्या पांडाचा दिवसाचा बराच वेळ खाण्यांतच जातो. बांबू धरण्यासाठीं दोघांच्याही मनगटाचें एक हाड वाढून अंगठ्याप्रमाणें उपयोगी पडतें. परंतु हा अंगठा एकाच पूर्वजाकडून आलेला नाहीं. प्रत्येक कुळांत तो स्वतंत्रपणें उत्पन्न झाला. लोहार आणि सोनार या दोघांच्याही हातीं हातोडा असतो. तेवढ्यावरून ते एका घराण्यांतले ठरत नाहींत. काम सारखें म्हणून हत्यार सारखें, इतकेंच.

आतां एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. अरण्यांचें रक्षण झाल्यामुळें थोरल्या पांडाची स्थिति सुधारली आणि सन २०१६ मध्यें जागतिक यादींत त्याचें नांव अधिक संकटाच्या वर्गांतून कमी संकटाच्या वर्गांत आलें. तांबडा पांडा मात्र त्या अधिक संकटाच्या वर्गांतच आहे. जंगलतोड, चोरटी शिकार व मोकाट कुत्रे हे त्याचे वैरी होत. तो सिक्कीमचा राज्यप्राणी आहे, आणि दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयांत त्याची पैदास करून वंश राखण्याचा यत्न चालला आहे.

ज्याचें नांव घेऊन दुसरा जगप्रसिद्ध झाला, तो मूळचा पांडा आपल्याच देशाच्या अरण्यांत राहतो. जगन्नियंत्यानें आपल्या हवालीं केलेली ही ठेव होय. पालकांनीं मुलांस थोरल्याचें चित्र दाखवितांना या धाकट्याचीही ओळख करून द्यावी. कारण ज्याची ओळखच नाहीं, त्याचा सांभाळ कोण करणार?